मक्यात शिरलेली मेंढरं

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात कळंबला आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. कळपाबरोबर एक धनगर आजी होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलण्याआधी ती काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढायची आणि बोलून झालं की पायानं पुसायची.

एका दुपारी तिची नात धापा टाकत आली. तिचा डोळा लागला तेवढ्यात मेंढरं शेजाऱ्याच्या मक्यात शिरली होती. कुणी पाहिलं नव्हतं. पण उद्यापासून कळप त्याच शेजाऱ्याच्या रानात बसायचा होता, आणि त्याबद्दल तो धान्य देणार होता.

"आज्जे, सांगू का गप बसू?"

आजीनं रेघ ओढली. "सांगितलं तर ते रान जाईल, त्याचं धान्यबी जाईल. न्हाय सांगितलं तर त्याच्याच बांधावर बसून त्याचीच भाकर खायाची. बघ तुझं तू."

मला राहवलं नाही. "आजी, लेकरू आहे ते. काय करायचं ते सांगून टाका की."

"मी सांगितलं तर मी हाय तवरच नीट वागंल, दादा."

पोर त्या न पुसलेल्या रेघेकडं बघत बसली. मग उठून शेजाऱ्याच्या वस्तीवर गेली. परतली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. रान गेलं होतं. आजीला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या तोंडावरून मला कळलं नाही.

सकाळी कळप भिगवणच्या वाटेला लागला. रोज काठी घेऊन आजी पुढं चालायची. त्या दिवशी काठी नातीच्या हातात होती, आणि आजी मागं कोकरांबरोबर चालत होती.