चार्जरवरची शेवटची गाडी

शोरूममध्ये त्याला सगळे ‘नक्की’ म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी निघायचं, तेवढंच. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं की हा मान हलवून म्हणणार, “नक्की!” निळा रंग मिळेल? नक्की. चढावर दमणार नाही ना? नक्की. आणि गंमत अशी, की त्याचं नक्की खरोखरच नक्की असे. ज्याची खात्री नाही, ते तो आधी चार ठिकाणी विचारून यायचा आणि मगच तोंड उघडायचा. गाड्या विकणाऱ्यांत असला प्राणी दुर्मीळच, म्हणून लोक दुसऱ्याच्या टेबलावरून उठून त्याच्याकडे येत.

त्याचा आणखी एक हट्ट होता. विजेवरची गाडी पूर्ण चार्ज झाल्याशिवाय तो कुणाच्याही हाती देत नसे. धंद्यात नवा असताना त्याने एका म्हाताऱ्या जोडप्याला घाईघाईत, जेमतेम चार्ज झालेली गाडी देऊन टाकली. ती भर पुलावर बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ, आजोबा घामाघूम, आजी रडकुंडीला आलेल्या. त्या दिवसापासून नक्कीने कानाला खडा लावला. मॅनेजर चिडायचा, “अरे, रस्त्यात चार्जर काय कमी आहेत?” हा ढिम्म. किल्ली हातात ठेवल्याशिवाय ताब्याची सही घ्यायची नाही, हाही त्याचाच कायदा. सरळ माणूस होता. सरळपणाचंही एक व्यसन असतं आणि ते याला चांगलंच जडलं होतं.

त्याची थोरली बहीण, ताई, शाळेच्या मुलांची ने-आण करायची. मेहुणे गेल्यापासून तिचं घर त्या एका गाडीवर चाललं होतं. शाळेने फर्मान काढलं, की सुट्टी संपली की फाटकाच्या आत फक्त विजेवरच्या गाड्या. ताईने जुनी गाडी विकून टाकली आणि भावाकडे नवी बुक केली. बँकेने कर्ज दिलं ते सरकारी करसवलत वजा करून उरलेल्या किमतीवर, आणि वर एक पैसाही मिळणार नाही हे तोंडावर सांगितलं. म्हणजे सवलत असेल तर गाडी, नाही तर काहीच नाही.

“सवलत मिळेल ना रे?” ताईने विचारलं होतं.

“नक्की.”

आणि मग बातमी आली, की सवलत महिनाअखेरीस बंद. नुसतं बुकिंग चालणार नाही, तोवर गाडी ताब्यात हवी.

शोरूममध्ये लग्नघरासारखी गर्दी उसळली. ज्यांना वर्षभर गाडी घ्यायची आठवण झाली नव्हती, तेही धावत आले. मॅनेजर पाहुण्यांना आहेर वाटावा तसा हसू वाटत फिरत होता. नक्कीला मात्र ते हसू बघवत नव्हतं. पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईकही याच महिन्यात येऊन चाललंय, मग पुढे कोण येणार? हे त्याने बोलून दाखवलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, “बंद बिंद काही होत नाही रे. दरवेळी बोंब मारतात आणि शेवटच्या दिवशी मुदत वाढवतात.”

ते खोटं नव्हतं. आजवर दरवेळी वाढली होती. तरी नक्कीच्या मनात पाल चुकचुकली. त्याने ती झटकून टाकली, कारण कामातून मान वर करायला सवड नव्हती.

शेवटच्या दिवशी मागच्या आवारात चार्जरपुढे गाड्यांची रांग लागली. त्यात ताईची गाडी त्याने सगळ्यांत शेवटी ठेवली. बहिणीला पुढे काढलं असं कुणी म्हणायला नको! घरच्या माणसाने थांबायचं असतं, हे आपण सगळेच फार अभिमानाने सांगतो. ताई दुपारीच येऊन बसली होती. सोबत तिने शिवलेल्या छोट्या गाद्या होत्या, बुटक्या पोरांना खिडकीतून बाहेर दिसावं म्हणून. तिने त्या मागच्या सीटवर नीट मांडल्या आणि पुन्हा बाकावर येऊन बसली.

संध्याकाळी चार्जर तापला आणि बंद पडला. वायरमनने उघडून बघितलं आणि मान हलवली. सकाळपर्यंत काही होणार नाही.

ताईच्या गाडीत नावापुरती बॅटरी होती.

“दे तशीच,” ताई म्हणाली. “हळूहळू नेते.”

“तुझ्या वाटेवर तोच पूल आहे ताई, आणि चार्जर सगळे त्याच्या पलीकडे.”

“मग आज सही करून ठेवते. गाडी राहू दे इथेच. सकाळी नेईन.”

“गाडी न देता सही? तसलं मी आजवर कुणाचं केलं नाही, आता तुझं करू?” तो दुखावलाच. “अगं, मुदत वाढणार आहे. सगळे म्हणतायत. सकाळी ये, चकाचक करून, पूर्ण चार्ज करून देतो.”

ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी तो खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे. आत्ता नव्हते झाले.

“नक्की?” तिने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने न विचारता, न बघता उत्तर दिलं. “नक्की.”

सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला. पाठोपाठ वायरमन आला आणि त्याने चार्जर चालू करून दिला. ताईची गाडी त्याने स्वतः लावली, स्वतः पुसली. मग संगणक उघडला. सवलतीचं पान होतं तिथेच होतं, फक्त नाव भरायची जागा नव्हती. त्याने पुन्हा उघडलं. मग दुसऱ्या टेबलावरून उघडून बघितलं. मागे मॅनेजर येऊन उभा राहिला.

“नाही वाढवली यावेळी,” तो म्हणाला. “काल सही घेऊन टाकायची होतीस. बाकीच्यांनी घेतल्या.”

बँकेने हात वर केले. नक्की तिथे जाऊन हातापाया पडला, पण कर्जाचा आकडा हलला नाही. स्वतःच्या नावावर कर्ज मागितलं, तर तिथल्या बाईंनी विचारलं, “तुम्ही काम कुठे करता?” त्याने शोरूमचं नाव सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

कारण शोरूम ओस पडलं होतं. दार उघडलं की सगळे विकणारे एकदम उठून उभे राहत आणि पाणीवाला आलाय हे बघून खाली बसत. मॅनेजरचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तो दार लावून फोनवर बोलायचा आणि बाहेर आला की कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नसे. शाळा उघडली. ताईची मुलं दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेली. आणि एक दिवस एक सद्गृहस्थ आले. त्यांना सवलतीचं सोयरसुतक नव्हतं. कोपऱ्यात उभ्या ताईच्या गाडीवर बोट ठेवून ते म्हणाले, “हीच द्या.”

गाडी द्यायच्या दिवशी ताई गाद्या न्यायला आली. नक्कीने त्या एकेक करून काढल्या आणि तिच्या हातातल्या पिशवीत भरल्या. त्याच्याच्याने वर बघवेना.

“ताई, मी काहीतरी करतो. थोडे दिवस दे. माझ्या पगारातून दर महिन्याला…”

“ते राहू दे.” ताईने रिकाम्या टेबलांवरून नजर फिरवली. कालपर्यंत तिथे बसणारे दोघं जण आज आलेच नव्हते. “तुझी नोकरी तरी राहील ना?”

सवयीने त्याची मान हलायला लागली. ती त्याने मध्येच थांबवली. आतल्या खोलीत मॅनेजर फोनवर बोलत होता आणि दार लावलेलं होतं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

ताईने पिशवीला गाठ मारली. चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती चिडलेली नव्हती.

“हेच त्या दिवशी म्हणाला असतास ना,” ती म्हणाली, “तर मी गाडी ढकलत घरी नेली असती रे.”

बाहेरून नव्या मालकांनी हाक मारली. गाडी पूर्ण चार्ज झाली आहे ना, असं ते विचारत होते.