चंद्राबाई किल्ल्याच्या परांचीवर

कोन गावच्या चंद्राबाई साठीला टेकल्या तेव्हा पहिल्यांदा विमानात बसल्या, त्या थेट जर्मनीला गेल्या. तिथे त्यांची मुलगी रूपा जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते.

चंद्राबाईंचं सारं आयुष्य बांधकामावर गेलं. नवरा लवकर वारला, भाताची जमीन थोडी, म्हणून त्या बिगारी झाल्या. कशेळीच्या रस्त्याला गोदामं उभी राहत होती, तिथे त्यांनी डोक्यावरून घमेली वाहिली. रूपा इंजिनीअरिंगला गेली तेव्हा मात्र त्यांनी तिला बजावलं होतं, की कुणी विचारलं तर आई घरीच असते असं सांग. पोरीला कुणी कमी लेखू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. रूपाला ते पटलं नव्हतं, पण तिने आईचा शब्द मोडला नाही.

जर्मनीत एका सकाळी रूपा त्यांना आपल्या कामावर घेऊन गेली. नदीकाठच्या टेकडीवर कित्येक शतकांपूर्वीचा किल्ला होता. तिकीट काढून आलेले लोक आत सरदारांची चिलखतं बघत होते. चंद्राबाईंनीही ती बघितली, उन्हाळ्यात जीव जात असेल बिचाऱ्यांचा, असं म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. त्यांना लेकीचं काम बघायचं होतं.

बुरुजाला वर चढून काम करण्यासाठी परांची बांधलेली होती आणि बाहेरच्यांना तिथे मज्जाव होता. रूपाने परवानगी काढून ठेवली होती. तिने आईच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि गुडघे दुखत असतील तर खालूनच बघ, म्हणाली. चंद्राबाईंनी पदर कमरेला खोचला आणि चढायला घेतलं.

वर भणाणता वारा होता. बुरुजाला मोठी भेग गेली होती. तेवढा भाग उतरवून नव्याने बांधायचं आधी ठरलं होतं, पण जुने दगड न हलवता आतून चुना भरून तो सावरता येईल, हे रूपाने पटवून दिलं होतं. चंद्राबाईंनी बुजवलेल्या भेगेवरून हात फिरवला.

"म्हंजे तू हा पडू दिला न्हाय."

"एकटीने नाही गं. ही सगळी माणसं आहेत ना."

गवंडी हातातलं काम ठेवून जवळ आले. रूपा त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलू लागली. चंद्राबाईंना अक्षरही कळेना, पण पिकल्या मिशांचे गवंडीही तिचं ऐकून घेतात, हे त्यांनी बघितलं. बोलता बोलता रूपाने घमेलं धरल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर नेले.

"काय सांगितलंस त्यांना?" चंद्राबाईंनी विचारलं.

"माझी आई बांधकामावर होती, मीपण तिच्याच धंद्यात आहे, असं सांगितलं."

सगळ्यात वयस्कर गवंड्याने हातमोजा काढून हात पुढे केला. एरवी चंद्राबाईंनी परक्या माणसाला लांबूनच नमस्कार केला असता, पण तो हात त्यांनी धरला. जेवणाच्या सुट्टीत रूपा त्यांना खाली हॉटेलात नेणार होती. त्या म्हणाल्या, इथंच बसू. मग फळ्यांवर बसून त्यांनी सकाळी केलेली तांदळाची भाकरी सगळ्यांना वाटली.

थंडी पडायच्या आत बुरुजाचं काम पुरं झालं. रूपाने परांची उतरवताना फोनवर दाखवली, तेव्हा चंद्राबाई गावी परतल्या होत्या आणि शेजारची मेघाली त्यांच्या कोनच्या घरी बसली होती. चंद्राबाईंनी फोन तिच्यापुढे धरला.

"मी बिगारी होती, आन् माझी पोर बघ, किल्ले उभे ठेवते."