अत्यंत समाधानी

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी विद्यापीठात उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवर पीएच.डी. करत होते. माझ्या यादीत आबांची फौंड्रीही होती. आबा म्हणजे माझे वडील. पंचवीस वर्षं ते तिथं वाळूचे साचे करत होते. फौंड्रीनं कामगारांसाठी आरोग्य शिबिर घेतलं होतं. डोळे तपासले, चष्मे वाटले, फोटो काढले. धूळ जाते ती छातीत, पण छाती कुणाचीच तपासली नाही.

माझी प्रश्नावली मी आबांनाही दिली. शिवाजी पेठेतल्या आमच्या खोलीत तोच चष्मा लावून, खोकत खोकत त्यांनी ती भरली. शिबिराच्या प्रत्येक प्रश्नापुढं एकच खूण होती: अत्यंत समाधानी.

मी भडकले. "खोकून जीव चाललाय तुमचा, आणि समाधानी कसले? मालकाला एवढं भ्यायचं?"

"मालकाला कोण भितंय?" आबा म्हणाले. "वाईट ल्हिलं तर तुझं मार्क कापत्यात की."

पीएच.डी.ला असे मार्क नसतात, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण मला गठ्ठा पुरा करायची घाई होती. हसले आणि कागद त्यात सरकवला.

प्रबंध मंजूर व्हायच्या आधीच आबा गेले. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं वाळूच्या धुळीनं भरली होती.

शिबिराबाबत कामगार समाधानी आहेत, असा निष्कर्ष माझ्या प्रबंधात आहे. तोंडी परीक्षेत नेमकं त्याच पानाचं कौतुक झालं. आबांनी मला मार्क मिळवून दिलेच.