वरचा स्पीकर

मुलीने पुण्याहून एक काळा डबा पाठवला. फोनवरचं गाणं ब्लूटूथने पाठवलं की त्यातलं बरंच गळून जातं म्हणे. हा डबा तेच गाणं वाय-फायवरून घेतो, स्टुडिओत भरलं होतं तसंच्या तसं, आणि आपल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला देतो. मी साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो, वायरी जोडायला मला कुणी शिकवायची गरज नाही. ब्राह्मणपुरीतल्या आमच्या घरात तासाभरात सगळं जोडून झालं.

गाणं लागलं आणि माझं डोकं फिरलं. ढोलकी दमदार, गाणाऱ्याचा आवाज भरदार, पण त्याच्या वर काहीच नाही. झांजा नाहीत, घुंगरू नाहीत, बंद दारामागे कार्यक्रम चाललाय असं वाटावं. मुलीला फोनवर चार शब्द सुनावले. वायरी बदलल्या. फोनची सेटिंग तीनदा तपासली. शेवटी ठरवलं की दोन्ही खोक्यांतले बारीक आवाज काढणारे वरचे छोटे स्पीकर जळालेत, आणि शहाद्याहून मेकॅनिक बोलावला.

त्याने वरच्या स्पीकरजवळ कान नेला आणि लगेच मागे घेतला. "काका, हाई तं मस्त वाजी ऱ्हायनं. कान फाडी ऱ्हायनं."

"मंग माले कसं ऐकू येत नई?" मी खेकसलो.

तो स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवू लागला. स्वयंपाकघराच्या दारात बायको पिठाच्या हातांनी उभी होती. तीच जवळ येऊन म्हणाली, "घुंगरू वाजी ऱ्हायनात ना. गाणं लागलं तव्हयपासून वाजी ऱ्हायनात."

मी वरच्या स्पीकरला कान टेकवला, तरी मला काही ऐकू आलं नाही.

मिलमधला फिटर कानावरून ओळखला जायचा. चालू गिअरबॉक्सवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची आणि कुठलं बेअरिंग चार दिवसांत जाणार ते सांगायचं. माझं निदान क्वचित चुकलं. कारखाना दर गळीत हंगामाला कानात घालायचे बोळे द्यायचा. मी ते गळ्यात लटकवून ऐटीत हिंडायचो. बोळे घातल्यावर बेअरिंग काय सांगतंय ते कळणार कसं? नव्याने लागलेल्या फिटरांची तर मी इतकी चेष्टा केली की त्यांनीही ते खिशात टाकले. ते सगळे आजही तिथेच मशीनपाशी उभे असतात, आणि मला आता त्याची लाज वाटते.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी माझ्या कानांचा आलेख दाखवला. बरी चाललेली रेघ बारीक आवाजांपाशी धाडकन खाली गेली होती. औषध नाही, ऑपरेशन नाही. कानाच्या यंत्राने बोलणं थोडं स्पष्ट ऐकू येईल, झिजलेलं मात्र भरून येणार नाही, ते म्हणाले. जन्मभर मी झिजलेलं काढून नवं बसवलं होतं. खुर्चीत बसून नुसत्या मांड्या चोळत राहिलो.

परतताना बसमध्ये बायको नेहमीसारखी गप्प होती. कधीकाळी ती अखंड बोलायची. तोंडातल्या तोंडात बोलू नकोस, म्हणून मी किती वर्षं तिच्यावर डाफरत आलो होतो, ते त्या बसमध्ये हिशेब न मांडताच कळलं. मी विचारलं, "तू आते बोलत का बरं नई?"

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि बसभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "माले वाटे, मन्हं बोलणं तुम्हले आवडत नई."

लोक वळून बघायला लागले. मी तिचा हात धरला आणि कान पुन्हा तिच्या तोंडाशी नेला.