छतातली कडी

कोपरीतला तो फ्लॅट माझ्या नावावर होता, पण तिथे मी एक रात्रही झोपले नव्हते. आम्ही राहतो डोंबिवलीत. शाळेतून निवृत्त झाल्यावर हातात जे काही आलं ते बँकेत कुजवू नका, घरात घाला, असं ज्याने त्याने मला सांगितलं. जन्मभर शिकवलेल्या बाईला शिकवायला सगळ्यांनाच आवडतं. ठाणे पूर्व, स्टेशन पायी सात मिनिटं, तिसरा मजला, इमारत जुनी. जुनी हाच तर फायदा होता. जुनी इमारत म्हणजे आज ना उद्या रिडेव्हलपमेंट, आणि मग दोन खोल्यांच्या बदल्यात नवी कोरी, मोठी जागा, लिफ्टसकट. आपल्याकडे पडायला आलेल्या घराला जास्त भाव येतो, हे बाहेरगावच्या नातेवाइकांना समजावताना मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

आतल्या खोलीच्या छताला एक लोखंडी कडी होती, आधीच्या मालकांच्या झोपाळ्याची. तिच्यापासून निघालेला एक बारीक तडा थेट भिंतीपर्यंत गेला होता. केसाएवढाच, पण मी तो पहिल्या दिवशीच पाहिला. एजंट म्हणाला, "प्लास्टरचा आहे मॅडम, पुट्टी मारली की गायब." मला नेमकं तेच ऐकायचं होतं.

पुढे त्याचा एक रिवाजच पडला. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरू जायचा, रंगारी येऊन तडा बुजवायचा, आणि वास जायच्या आत नवा भाडेकरू यायचा. रंगारी दर वेळी तोच. पहिल्या वर्षी त्याने नुसत्या बोटाने पुट्टी भरली. तिसऱ्या वर्षी शिडीवरून उतरून, हात पुसत तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, हा तडा थांबलेला नाय. आधी यात नख जात नव्हतं, आज पुट्टीचा पत्रा आत जातो."

"तुम्ही रंगारी आहात की इंजिनिअर?" मी म्हटलं.

तो हसला नाही. पुन्हा वर चढला आणि रंग देत राहिला.

त्याच महिन्यात गच्चीवर सोसायटीची मीटिंग झाली. जुन्या इमारतींनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं, अशी पालिकेची नोटीस आली होती. सेक्रेटरी पिढ्यान् पिढ्या कोपरीतला, इमारत त्याच्याच घराण्याच्या जमिनीवर उभी. त्याने आडपडदा ठेवला नाही.

"ऑडिट केला आणि धोकादायक निघाली, तर खाली करायला लावतील. बिल्डर अजून फायनल नाय. मग काय, कळव्याला भाड्याने राहून वाट बघत बसणार? आधी बिल्डर येऊ दे, मग ऑडिट. पटतंय त्यांनी हात वर करा."

त्याची भीती खोटी नव्हती. पलीकडच्या गल्लीतली इमारत पाडली होती. तिथे नुसतं गवत वाढलं होतं आणि तिथले मालक कुठे कुठे पांगले होते. मी हात वर केला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला इथे झोपायचं नाही, म्हणून तुमचा हात आधी वर गेला." मला त्यांचा इतका राग आला की घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. एकही धड नव्हतं.

नंतर जे जोडपं आलं ते साताऱ्याकडचं. तिला सातवा महिना होता. आतल्या खोलीत आली, वर बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "ताई, कडी आहे की! पाळणा टांगता येईल."

रंग ताजा होता, छत पांढरंशुभ्र. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "हल्ली स्टँडचे पाळणे मिळतात, तोच घ्या. टांगू नका."

"का हो?"

"नवा रंग आहे. खराब होईल."

त्यानंतर मला सुख म्हणून लागलं नाही. पेपरात कुठे स्लॅब कोसळल्याची बातमी असली की मी आधी गावाचं नाव शोधायचे आणि मग चहा घ्यायचे. फोनवर तिचं नाव दिसलं की मी टीव्ही बंद करून मगच बोलायचे. ती मात्र गच्चीची चावी कुणाकडे असते, असलं काहीतरी विचारायची. दोनदा मी फोन उचलला होता, सगळं सांगून टाकायचं म्हणून. दोन्ही वेळा मनात आलं, बिल्डरशी बोलणी चालू आहेत, थोडे महिने जाऊ देत. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं ती मीच.

मग एके दिवशी तिचा फोन आला. मुलगी झाली होती, रविवारी बारसं. "सासऱ्यांनी गावाहून आमचा जुना सागवानी पाळणा आणलाय. त्याला कडीच लागते हो, स्टँड चालत नाही. रंगाला जपू आम्ही. याल ना?"

गेले. खोली बायकांनी भरली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा, आत गावाकडची काळी घोंगडी, तिच्यावर बाळ. पाळणा गाऊन झाला आणि तिने दोरी माझ्या हातात दिली. "तुमचं घर आहे ताई, एक झोका तुमचा."

मी वाकून बाळाला बघितलं. घोंगडीवर, बाळाच्या कानाशी, पांढरी पूड पडली होती.

"रांगोळी असेल," तिची सासू म्हणाली आणि पदराने झटकू लागली.

मी वर बघितलं. कडीपासून भिंतीपर्यंत पुट्टी सुटली होती आणि कडीभोवतीचं प्लास्टर खाली फुगून आलं होतं. मी दोरी सोडली, बाळाला उचललं आणि ओरडले, "सगळ्या बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता!" माझा तो आवाज शाळेनंतर पहिल्यांदाच निघाला. बायका हळदीकुंकवाची ताटं तशीच टाकून जिन्यात आल्या.

जिन्यात उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. तडा, रंगारी, मीटिंग, वर केलेला हात, सगळं. मग तिने विचारलं, "आम्ही राहायला आलो, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

बाळ अजून माझ्याच हातात होतं. तिने पुढे होऊन ते काढून घेतलं.