दाराजवळचे रखमाजी

आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. दौंडच्या आमच्या देवळात रखमाजी साळवे कायम दाराजवळ, सतरंजीच्या टोकाला बसायचे. रेल्वेत इंजिनात कोळसा टाकून निवृत्त झालेला माणूस, बोलायला महाकंजूष. उपदेश सुरू झाला की हळूच बाहेर जायचे. मला वाटायचं, विडी ओढायला जातात. मी तसं दोघाचौघांना सांगितलंही होतं.

चौऱ्याहत्तर साली नवे पाळकसाहेब आले. एका रविवारी त्यांनी उपदेश करता करता खिडकीतून पाहिलं, तर रखमाजी सगळ्यांच्या चपला वळवून ठेवत होते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना निघताना सरळ पाय घालता यावा म्हणून. साहेबांनी उपदेश तिथंच सोडला आणि ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. खरी नम्रता ती हीच, म्हणाले. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. देवळाचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी लगेच ठराव करून रखमाजींना पुढे, आपल्या ओळीत, वेताची खुर्ची दिली.

त्यांची बायको सगुणाबाई हरखून गेली. चाळीस वर्षं ती दाराशी बसणाऱ्याची बायको होती. आता नळावर बायका तिला आधी भरू द्यायच्या आणि तीही नको म्हणायची नाही.

इकडे देवळात नम्रतेची साथच आली. पुढच्या रविवारी दाराजवळ बसायला रेटारेटी. उपदेश सुरू होताच मी, जालिंदर मास्तर आणि आणखी तिघं चपलांवर धावलो. मी उचललेली चप्पल मास्तरांनी ओढली, मी सोडली नाही, आणि ताईबाईंचा अंगठा तुटला. चपलेचा. त्या दिवशी निम्मी माणसं दुसऱ्याच्या चपला घालून घरी गेली.

रखमाजी मात्र खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेले, नजर दाराकडे. गीत म्हणेनात, घरी धड जेवेनात. मला खाली बसू द्या, असं त्यांनी साहेबांना दोनदा विनवलं. साहेब म्हणायचे, पाहा किती नम्र, आणि त्यावर आणखी एक उपदेश करायचे. घरी सगुणाबाई बजावायची, खुर्ची सोडलीत तर याद राखा.

नाताळच्या आदल्या रविवारी साहेबांनी पुन्हा त्यांचं नाव घेतलं आणि रखमाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. साहेबांना वाटलं, उपदेश लागला. सगुणाबाई बायकांमधून उठली.

"सायेब, ह्यास्नी दाराशी जाऊ द्या," ती म्हणाली. "हितं बसल्यापासनं ह्यांची प्रार्थनाच बंद हाय. माझ्याशी तर ह्ये कवाच बोलत न्हाईत. देवाशी तरी बोलत व्हते."

मला माझीच लाज वाटली. रखमाजी उठले आणि खाली मान घालून दाराकडे गेले. पंचांनी खुर्ची उचलायला हात घातला, तेवढ्यात सगुणाबाई पदर सावरून स्वतःच तिच्यात बसली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला कुठं येवढी नम्रता हाय?"

पंचांच्या ओळीत बाई कधी बसली नव्हती, पण तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. साहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. दाराकडून रखमाजींचा भसाडा आवाज आला, सगळ्यांच्या एक ओळ पुढे. सगुणाबाई खुर्चीत ताठ बसून डोळे पुसत होती.