डोळे आखण्याआधी

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होतो आणि राहायला पेणला. म्हणजे आठ तास कंपनीत, तीन तास एसटीत आणि उरलेला वेळ घरच्यांवर ओरडण्यात. अर्थात तेव्हा मी त्याला ओरडणं म्हणत नसे. शिस्त म्हणत असे.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. फाटकाची कडी वाजली की ती खेळ टाकून कपाटामागे जायची. मला वाटायचं, लपाछपी खेळते. एकदोनदा मी "सापडली!" करून तिला ओढूनही काढलं. तेव्हा ती हसली नाही, हे कुठल्याही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. शेवटी एक दिवस बायकोने भाकरी थापता थापता सांगितलं, "खेळत नाही ती. तुम्हाला भिते."

ते फार लागलं. सुधारायचं ठरवलं. कंपनीतल्या एकाने ध्यानाची पुस्तिका दिली. रोज दिवा लावून बसावं, डोळे मिटावेत, अंतरीचा प्रकाश पाहावा. दुसऱ्याच दिवशी निरंजन लावून बसलो. डोळे मिटल्यावर आधी प्रेशरचा काटा दिसला, मग सुपरवायझर. तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेलं पडलं. "मी इथे मनःशांती आणतोय, कळतं का कुणाला?" असा काही ओरडलो की निरंजनाची ज्योत हलली. महिनाभर हेच. मायलेकी माझ्या ध्यानाच्या वेळेला शेजारच्या घरी जाऊन बसू लागल्या.

माझ्या सासऱ्यांचा हमरापूरला गणपतींचा कारखाना. श्रावणात मी चार दिवस रजा टाकून बायको-मुलीसह मदतीला जात असे. मदत म्हणजे पॉलिश पेपरने सोंडा घासणं. शेवटचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढण्याचं. ते फक्त सासरे करत. आंघोळ करून पोत्यावर बसत, मूर्ती समोर घेत आणि आधी आपले डोळे मिटून गप्प राहत. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. गिऱ्हाईक दारात खोळंबलं तरी उठत नसत. मग ब्रश उचलून एका दमात बुबुळ काढत.

त्या वर्षी कामाची फारच घाई होती. सासरे म्हणाले, "जावईबापू, ही लहान सहा तुम्ही आखा. पण आधी जरा बसा."

मी कुठला बसतोय! नुकतंच टेम्पोवाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालेलं, आणि शाळेत असताना चित्रकलेत मला बक्षीस होतं. अर्ध्या तासात सहाही मूर्ती उरकल्या.

पितांबरं रंगवणारी एक काकी बघायला आली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"काय गो झाला?" दुसरीने लांबून विचारलं.

"ये, बघ. देव मोदक मागत नाय, हजेरी घेतंय!"

खरंच. सहाही गणपती भुवया चढवून माझ्याकडे रोखून बघत होते. अख्खा कारखाना हसला. मीही हसलो. तेवढ्यात माझी मुलगी आजोबांच्या पाठीमागून डोकावली आणि म्हणाली, "हे बाबांसारखे आहेत."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

सासऱ्यांनी अंगाच्या रंगाचा डबा घेतला आणि बाराही डोळ्यांवरून शांतपणे ब्रश फिरवला. "वाळू द्या. उद्या परत आखू."

"माझं चुकलं काय पण?"

"हात बरा हाय तुमचा. दम छातीत अडकलाय. दम वर असला का बुबुळ वर जातं, भुवई ताणते."

मी पुस्तिका वाचलेला माणूस. विचारलं, "तुम्ही डोळे मिटून बसता, तेव्हा आत उजेड दिसतो?"

"कसला उजेड? काळोखच असतो. तो बघत बसतो. हळूहळू टेम्पो निघून जातो, भांडण जातं, समोरची मूर्ती तेवढी उरते. तेवढा उजेड मला पुरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसलो. बराच वेळ टेम्पोवाल्याला नवनवी उत्तरं सुचत राहिली. ती संपल्यावर एक क्षण काहीच उरलं नाही, नुसता ओल्या रंगाचा वास. त्या दिवशी पहिल्या गणपतीचा डावा डोळा मला बरा जमला. उजवा सासऱ्यांनी काढला.

पेणला परतल्यावर निरंजनासमोरचा माझा दरबार मी बंद केला. शिफ्टवरून आलो की दाराबाहेर पायरीवरच बसायचो. पायात चपला, मांडीवर डबा, डोळे बंद. रोज कुठला ना कुठला टेम्पो असायचाच. तो गेला की आत जायचो. आठवड्याभराने शेजारच्या आजींनी बायकोला बाजूला घेतलं. "घरात घेत नाहीस का गं त्यांना?"

"घेते की. निवले की घेते."

उजेडबिजेड काही दिसला नाही. मात्र मुलगी फाटक वाजलं की आधी खिडकीतून बघू लागली. मी बसलेलो दिसलो की तिचा खेळ चालू राहायचा. बाहुलीला रागावण्याचा तिचा आवाज बाहेर ऐकू यायचा, आणि तो थांबला नाही म्हणजे आपलं बरं चाललंय, असं मी समजायचो.

थंडीच्या दिवसांत एकदा सुपरवायझरने चारचौघांत झापलं आणि वर एसटी नागोठण्याला बंद पडली. मी तरातरा सरळ घरात शिरलो. दारातच खडू आणि कागद पसरलेले.

"काय चाललंय हे!"

मुलगी दचकली. कपाटाकडे दोन पावलं गेली. मग थांबली आणि मागे वळली. हातातला खडू घट्ट धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही आज बाहेर बसलाच नाहीत."

बायको स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात धरून उभी. मुकाट बाहेर गेलो, पायरीवर बसलो, डोळे मिटले.

थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन टेकलं.

"झालं?"

"नाही अजून."

"मग मी पण बसते."

बसली. गुडघे पोटाशी, डोळे घट्ट मिटलेले. जेमतेम दहा आकडे मोजून होईपर्यंत गप्प राहिली असेल. मग डोळे मिटूनच म्हणाली, "बाबा, आमच्या वर्गातल्या मुलीचा दात पडला. पडलेला दात कौलावर टाकतात ना? पण त्यांच्या घराला कौलं नाहीत, स्लॅब आहे. मग तिला नवा दात येणार कसा?"

मी डोळे उघडले. प्रश्न बिकट होता. आम्ही दोघं पायरीवर बसून बराच वेळ त्याचा विचार करत राहिलो.